तात्या मुळाशी जातात

कुणाच्या घरी काही बिघडल्याचं कळलं की चेहऱ्यावर काळजी आणि डोळ्यांत आनंद एकाच वेळी दिसतो, असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये हे खातं तात्यांकडे आहे. टेलिफोन खात्यातून ते निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. दुरुस्तीतून निवृत्त व्हायचा त्यांचा विचार दिसत नाही. मिक्सर, गीझर, पाण्याचा पंप, गणपतीतल्या दिव्यांच्या माळा, सगळं त्यांच्या हाताखालून गेलंय. त्यांनी उघडलेलं नाही असं बिल्डिंगमध्ये एकच यंत्र उरलंय, ते म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं श्रवणयंत्र. तेही आजी झोपताना उशीखाली घेतात म्हणून.

तात्यांची हत्यारं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. टेस्टर, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेला स्क्रू-ड्रायव्हर, जुना टूथब्रश, फ्यूजची तार (बिल्डिंगमध्ये आता फ्यूज नाहीत, पण असू द्यावी) आणि कागदाच्या छोट्या छोट्या पुड्या. या पुड्यांत दुरुस्तीनंतर उरलेले स्क्रू असतात. प्रत्येक पुडीवर फ्लॅटचा नंबर लिहिलेला असतो. आमच्या नंबरची पुडी मी पाहिली आहे. ती रिकामी नाही.

गेल्या मे महिन्यात आमचा एसी रिमोटनं बंद केला तरी आतला पंखा फिरतच राहायला लागला. हिनं हे जिन्यात शेजारणीला सांगितलं. जिन्यात बोललेलं तात्यांपर्यंत कसं पोचतं हे कोडं आहे. ते टेलिफोन खात्यात होते, एवढंच स्पष्टीकरण मला सुचतं. आमची पानं मांडून झाली होती आणि तात्या डबा घेऊन दारात उभे.

“चालू द्या तुमचं, चालू द्या. मी फक्त बघतो.”

तात्या यंत्राला लगेच हात लावत नाहीत. आधी जुन्या वैद्यासारखी विचारपूस होते. कधीपासून होतंय? आवाज आधी आला की पंखा आधी? मध्ये लाइट गेली होती का? एसीच्या आधी कोण खोलीत होतं? या शेवटच्या प्रश्नानं आमचा मुलगा उगाचच गडबडला. मग त्याच मुलाच्या हातात टॉर्च आला. तात्यांचा टॉर्च धरणं ही बिल्डिंगमधल्या पोरांची मुंज आहे. टॉर्च हलला की “स्थिर!” असा आवाज येतो, आणि तात्या स्वतः हलले तर टॉर्चनं आपण होऊन मागे जायचं असतं.

पहिलं निदान स्टुलावर चढण्याआधीच झालं. “हा दोषच नाही, वहिनी. तुम्ही २४ वर लावलात आणि खोली २४ झाली की बाहेरचा कॉम्प्रेसर थांबतो, आतला पंखा थांबत नाही. तो थांबला तर सेन्सरपर्यंत खोलीची हवा येणार कशी?” अक्षर न् अक्षर बरोबर होतं. फक्त आमचा एसी बंद होता. आणि आम्ही तो १८ वर लावतो, हे हिच्या तोंडून निसटलं. त्यावर तात्या थांबले. १८ वर लावून खोली लवकर गार होत नाही, तो फक्त जास्त वेळ राबतो. २०२० च्या जानेवारीपासून स्टार लेबलचे एसी कंपनीतूनच २४ वर लावून यावेत असा नियम आहे, तो काय उगाच केलाय का? हे सगळं सांगून होईपर्यंत आमटी निवली.

मग रिमोट. तात्यांनी मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्यासमोर धरलं आणि बटण दाबलं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा रिमोटचा उजेड कॅमेऱ्यात जांभळट लुकलुकला. घरादाराला तो रांगेनं दाखवण्यात आला. रिमोट निर्दोष सुटला. त्यानंतर संशय रिलेवर गेला, “काँटॅक्ट चिकटले की मग बंद कितीही करा!” रिलेवरून तो पालीवर घसरला. बाहेरच्या युनिटच्या बोर्डावर पाल चिकटून मरते आणि सगळा घोटाळा होतो, अशा हकिगती तात्यांकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काही खऱ्याही आहेत. ते ग्रिलमधून अर्धे बाहेर वाकले. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या भरल्या. पाल मिळाली नाही, कबुतराचं घरटं मिळालं. त्याचा पंख्याशी संबंध काही केल्या जुळेना, याचं तात्यांना मनापासून वाईट वाटलं.

एवढ्यात पंखा आपला आपण थांबला.

आम्ही हुश्श केलं. तात्या खवळले. “कोणी हात लावला?” कोणीच लावला नव्हता. “मग थांबला कसा? असा थांबून चालणार नाही. लक्षणच गेलं तर मूळ सापडायचं कसं?” त्यांनी एसी पुन्हा चालू केला, बराच वेळ चालवला, बंद केला. पंखा फिरतच राहिला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलेलं नाही.

शेवटी चहा झाला. चहाबरोबर इतिहास येतोच. एसी मुळात माणसांसाठी निघालाच नव्हता, असं तात्या सांगतात. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचे, आकसायचे, रंगावर रंग नीट बसेना; म्हणून विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरनं हवेतलं पाणी काढायचं यंत्र आखून दिलं. “मूळ काय? दमटपणा! गारवा नंतर.” असं म्हणून ते रात्री उशिरा घरी गेले. “उद्या उघडतो,” असं दारातून सांगून गेले, म्हणून मी सकाळीच मेकॅनिकला फोन केला.

तात्यांची चेष्टा करणं सोपं आहे, म्हणून हेही सांगतो. चौथ्या मजल्यावर एका घरी पंखा असाच, पण रात्रभर थांबेना, वेगही कमी होईना. तिथे तात्यांनी स्क्रूला हात लावला नाही. आधी एमसीबी खाली केला आणि सगळ्यांना दूर उभं केलं. लाइट बंद केली तरी कपॅसिटरमध्ये चार्ज साठून राहतो, हे ते पुस्तकातून शिकलेले नाहीत. मेकॅनिकनं “अख्खा पीसीबी गेला” म्हणून काही हजारांचा आकडा सांगितला. तात्या तो बोर्ड पिशवीत घालून स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे बसले आणि पंख्याचा वेग सांभाळणारा शॉर्ट झालेला ट्रायॅक बदलून घेऊन आले. पैसे द्यायला गेलो तर घेत नाहीत. जुना पार्ट मात्र मागून घेतात.

त्यांच्या स्वतःच्या दाराची बेल कैक वर्षं वाजलेली नाही. काकूंना विचारलं तर म्हणतात, “यांना सांगितलं की ‘बघतो’ म्हणतात.” काकू हुशार आहेत. त्यांचा मिक्सर बिघडला की त्या तो पदराआड शेजारणीकडे नेऊन ठेवतात आणि शेजारीण जिन्यात रड करते. संध्याकाळी तात्या डबा घेऊन तिकडे हजर. मिक्सर दुरुस्त होतो, रात्री गुपचूप घरी येतो. “त्यांच्याकडेही आपल्याच कंपनीचा आहे,” एवढं एकदा तात्या जेवताना म्हणाले म्हणे.

आमचा मेकॅनिक आला तो विशीतला पोरगा, पाठीला सॅक, एका कानात गाणं. तात्या खुर्ची घेऊन आधीच बसले होते. पोरानं एसी चालवला, बंद केला, फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं आणि रिमोट टेबलावर ठेवला. “काका, ऑटो क्लीन आहे. बंद केल्यावर आतली कॉइल ओली असते, पंखा ती वाळवतो. नाहीतर बुरशी धरते, वास मारतो. मागच्या सर्व्हिसिंगला कोणीतरी चालू करून गेलं असेल.”

खोलीत शांतता. मी तात्यांकडे बघायचं टाळलं.

“म्हणजे दमटपणाच,” तात्या म्हणाले. “मी काल तेच सांगत होतो.”

सांगत होते, हे नाकारता येत नाही. पोराला त्यांनी चहा पाजला, ऑटो क्लीन काढून टाकू दिलं नाही, आणि कोणत्या मॉडेलचा पंखा किती वेळ फिरतो हे त्याच्याकडून डायरीत उतरवून घेतलं. जाताना पोरगा त्यांचा नंबर घेऊन गेला. आता अडलं की तो तात्यांना फोन करतो, असं तात्या सांगतात. काकू सांगतात, फोन इकडूनच जातो.

तर, तुमचा एसी बंद केल्यावर पंखा फिरत राहिला तर अर्धा तास वाट बघा आणि माहितीपुस्तिकेत ऑटो क्लीन आहे का ते वाचा. तरीही थांबला नाही तर एमसीबी खाली करा आणि मेकॅनिकला बोलवा. आणि जिन्यात त्याबद्दल बोलायचंच असेल, तर जेवणं उरकल्यावर बोला.