एकट्याची पृथ्वीप्रदक्षिणा

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायला होडी, घड्याळ आणि आहेर नाकारण्याची हिंमत एवढ्या तीनच गोष्टी लागतात. शिडाच्या होडीतून जगात सर्वप्रथम ही प्रदक्षिणा एकट्याने पुरी करणाऱ्या कॅप्टन जोशुआ स्लोकम यांच्याजवळ यांतल्या पहिल्या दोन होत्या. पोहणे येत नव्हते. पण ते कोणी विचारले नव्हते.

होडीही आहेरातलीच. मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन येथे शेतात कुजत पडलेली ‘स्प्रे’ एका स्नेह्याने थट्टेने देऊ केली आणि स्लोकम यांनी ती मनावर घेतली. १३ महिने खपून, ५५३.६२ डॉलर खर्चून त्यांनी सुमारे ३७ फुटी होडी नव्याने बांधली. घड्याळ पत्र्याचे, तबकडी फुटकी असल्याने दीड डॉलरचे एका डॉलरला मिळाले. २४ एप्रिल १८९५ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी, त्यांनी बोस्टन सोडले.

अझोर्स बेटांवर पांढरे चीज भेट मिळाले. ते प्लमबरोबर खाल्ल्याने पोटात मुरडा आला आणि बाहेर वादळ. कॅप्टन केबिनच्या फरशीवर आडवे झाले, तेव्हा सुकाणूपाशी कोलंबसच्या ‘पिंटा’ जहाजाचा सुकाण्या उभा दिसला. त्याने रात्रभर होडी हाकली. वर, चीज आणि प्लम एकत्र खाऊ नयेत, असे बजावलेही. सकाळी होडी बिनचूक दिशेनेच चालली होती.

मॅगेलनच्या सामुद्रधुनीत चोरांचे भय. पुंता अरेनास येथे एका कॅप्टनने सतरंजीला ठोकायच्या चुका दिल्या होत्या. स्लोकम त्या रात्री डेकवर पसरून निजले. अनवाणी चढलेल्या पाहुण्यांना आपली चूक पहिल्याच पावलाला कळली.

हिंदी महासागरात सुकाणू बांधून ठेवले की ‘स्प्रे’ आपली आपण चाले. २,७०० मैलांच्या २३ दिवसांत कॅप्टन सुकाणूपाशी जेमतेम तीन तास होते. एरवी ते वाचत बसत.

सेंट हेलेना बेटावर बोकड भेट मिळाला. त्याने कॅप्टनची गवती टोपी आणि कॅरिबियन समुद्राचा नकाशा खाल्ला. त्याला असेन्शन बेटावर उतरवले. पुढची वाट मात्र नकाशाविना काढावी लागली.

२७ जून १८९८ रोजी, ४६,००० मैलांनंतर, ‘स्प्रे’ न्यूपोर्टला पोहोचली. चार आहेरांपैकी होडी आणि चुका कामी आल्या. चीज आणि बोकड बाधले. तात्पर्य, एकट्याने निघणाऱ्याने खाण्याचा आणि खाणारा, असे दोन आहेर घेऊ नयेत.