बेल्टावर बसलेले अण्णा

आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठणं होत नाही, ते आमच्या बीडकडचे लोक नारायणगड गाठतात. धाकटी पंढरीच ती. गडाच्या वाटेला लागलेल्या दर दुसऱ्या पांढऱ्या गाडीत पुढं डाव्या हाताला एक अण्णा असतात. कडक इस्त्री, कपाळी बुक्का, आणि बेल्ट पाठीमागून नेऊन खटक्यात अडकवलेला. अण्णा बेल्टावर बसतात, बेल्ट अण्णांवर बसत नाही.

का, तर गाडी टिंगटिंग करते. ती गप्प झाली की अण्णांच्या लेखी सुरक्षेचं काम संपलं. "गड काय मुंबईला हाय का? हितं तर जायचंय." शिवाय इस्त्री मोडते. आणि सगळ्यात बिनतोड म्हणजे, "माऊली हाय की!" मात्र चौकात ट्रॅफिक हवालदार दिसला की हेच अण्णा बेल्ट छातीवर ओढून हातानं धरून ठेवतात, चेहरा भजनाला बसल्यासारखा. कायद्यातल्या 1,000 रुपये दंडाचा भार काही ते माऊलीवर टाकत नाहीत.

हेडरेस्टचं तर विचारूच नका. वर पांढरा टॉवेल, मागं दांड्यांना प्रसादाच्या पिशव्या, आणि हेडरेस्ट तळाला दाबलेलं, पार मानेच्या बुडाशी. ते उपसून काच फोडायची असते, हे अण्णांना व्हॉट्सअ‍ॅपनं शिकवलंय. मागून ट्रकनं दणका दिला की सीट धडाला पुढं ढकलते, डोकं मागं राहतं आणि मानेला हिसका बसतो. ते डोकं अडवायला ही वस्तू आहे. तिचं वरचं टोक आपल्या माथ्याच्या बरोबरीला हवं, डोक्यापासून चार बोटांच्या आत. एवढं ऐकून अण्णा विचारतात, "मग वर कसं करायचं वो?" दांडीच्या बुडाशी बटण आहे. गाडी घेतल्यापासून कुणी दाबलेलं नाही.

मागच्या काचेवर गोपीनाथराव मुंडेसाहेबांचा फोटो. 3 जून 2014 ला दिल्लीत अपघात झाला तेव्हा साहेब मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता. बेल्ट असता तर वाचले असते, असं तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन म्हणाले होते. अण्णांना हे सगळं पाठ आहे. सांगताना डोळे भरून येतात, मग हेडरेस्टवरचा टॉवेल कामाला येतो. आणि त्या फोटोपुढंच काकू नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांचे बेल्ट सीटकव्हरखाली गडप.

अण्णा, मागच्यांनाही बेल्ट सक्तीचाच आहे. गड उतरण्याआधी ते सीटकव्हर तेवढं उचकटा.