आईची बिनपासबुकाची बँक

दहा वर्षांवरील मुलांना बचत खातं स्वतः चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना दिली; खात्यात उणे शिल्लक मात्र चालत नाही. क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरून महिना ढकलणाऱ्या वडिलांना ही अट नाही, तरीही बेभरवशाचं ठरतं ते पोरच. भाऊबीजेची पाकिटं अजून ‘आण इकडे, हरवशील’ या बँकेत जमा होतात. तिथे पासबुक नाही, व्याज नाही, पैसे काढायची सोय तर नाहीच. हातात दिले तर उडवतील, हा आक्षेप रास्त आहे. उडवतीलच. पण चौदाव्या वर्षी पाचशे रुपये उडवून महिनाअखेर कोरडी काढावी लागली, तर नुकसान पाचशेचंच. तिशीतल्या उधळपट्टीवर कार्डाचं व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात जातं. क्लासला लाखभर मोजणारे पालक नेमके या पाचशेंवरच का अडतात?