डाळ शिजेना, खापर सुनेवर

“काकू, ऐकलंत का? पलीकडच्या सासूबाई काल पुन्हा सुनेवर घसरल्या. पाच शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ दाताखाली कचकच! ‘माहेरी काही शिकवलंच नाही’ इथपर्यंत गेली गाडी.”

“नळाचं पाणी बंद झाल्यापासून चाललंय ते. बोअरचं वापरतायत ना?”

“हो, पंधरा दिवस झाले.”

“मग सुनेचा काय दोष? तुझ्या गिझरमध्ये पांढरं पुट चढतं, साबणाला फेस येत नाही, ते कशानं? कॅल्शियम नि मॅग्नेशियम! तेच डाळीत शिरतं. डाळीच्या पेशी पेक्टिननं एकमेकींना चिकटलेल्या असतात. ते शिजून विरघळलं की डाळ फुटते. पण कॅल्शियम त्याला असं आवळून धरतं, की बसा शिट्ट्या मोजत.”

“बाई गं, शाळेतल्या बाई जाग्या झाल्या!”

“फळा सुटला तरी खडू सुटत नाही गं. आणि ती आमसुलं डाळीबरोबरच कुकरात टाकत असेल, तर झालंच. आंबटातही पेक्टिन लवकर विरघळत नाही. आधी डाळ मऊ होऊ दे, मग आमसूल नाहीतर चिंच.”

“आणि मीठ? माझी आई आधी घालूच द्यायची नाही.”

“मिठावर उगाच आळ. उलट राजमा भिजवताना पाण्यात चमचाभर घालून बघ. सोडियम कॅल्शियमला ढकलून त्याच्या जागी बसतं, सालं मऊ होतात.”

“मी तर सरळ खायचा सोडा टाकते.”

“शिजतं की! पण ब१ जीवनसत्त्व जातं नि हात सैल सुटला तर साबणाची चव.”

“मग तिनं शिट्ट्या वाढवाव्या?”

“शिट्ट्यांनी काय होतंय? कुकरात पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांवर उकळतं. गॅस कितीही मोठा ठेव, त्यापुढे फारसं जात नाही, नुसता गोंगाट. एक शिटी झाली की आच बारीक करायची नि घड्याळ बघायचं. आणि तिला सांग, डाळीपुरतं पाणी आधी खळखळून उकळ, निवलं की वरचं अलगद ओतून घे. थोडा तरी क्षार तळाशी बसतो.”

“तिला सांगेन हो. पण सासूबाईंना कोण सांगणार?”

“बोअर मारायचा हट्ट कुणाचा होता, आठवतंय?”

“अय्या! नारळसुद्धा त्यांनीच फोडला होता!”