घड्याळ थांबलं, सिनेमा थांबेना

मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं की सारं जग जागच्या जागी गोठतं. खरं तर जग थांबत नाही, घड्याळ घालणाराच अफाट वेगाने पळू लागतो. २००२ सालच्या ‘क्लॉकस्टॉपर्स’ या हॉलिवूडपटाची कल्पना एवढी झकास आहे की वाटतं, आता काहीतरी भन्नाट बघायला मिळणार. पण या ब्रह्मास्त्राचं आपला नायक झॅक काय करतो? मित्राला डीजे स्पर्धेत चमकवतो आणि शेजारपाजारच्यांच्या खोड्या काढतो! वेळ वाचवणारं यंत्र हाती आलं की माणूस वेळच वाया घालवतो, एवढं वास्तव मात्र दिग्दर्शकाने अचूक टिपलंय.

एवढ्या वेगात हवेच्या घर्षणाने पोराची पँट तरी पेटायला हवी. इथे केसाची बटसुद्धा विस्कटत नाही. बरं, बाप विज्ञानाचा प्राध्यापक! खलनायक मायकेल बीन. ‘टर्मिनेटर’मध्ये हाच भविष्यातून येऊन जगाला वाचवायला धावला होता. दिग्दर्शक जोनाथन फ्रेक्स तर ‘स्टार ट्रेक’मधला रायकर. अख्खं अंतराळ पालथं घातलेला माणूस मनगटी घड्याळात अडकावा, म्हणजे कमालच!

हवेत लोंबकळणारे पाण्याचे थेंब तेवढे सुरेख दिसतात. या घड्याळाने माणूस भराभर म्हातारा होतो, हा कथेतला एकमेव गंभीर धागा. तोही शेवटी विनोदावारी उडवलाय.

सिनेमा जेमतेम दीड तासाचा आहे. मुलांना खुशाल दाखवा. तुम्ही तेवढ्यात भाजी निवडून घ्या.