थोर लिंग

खोलीत शंभर बायका असू द्यात. एक बोका आत शिरला की सगळ्यांना मिळून लागणारं फ्रेंच विशेषण पुल्लिंगी. का? निकोला बोझे या व्याकरणकाराने १७६७ साली सांगूनच टाकलं: नर मादीहून श्रेष्ठ, म्हणून पुल्लिंग थोर. झालं! त्याआधी रासीनसारखा नाटककार विशेषण खुशाल जवळच्या नामाशी जुळवायचा, तेव्हा काही आभाळ कोसळलं नव्हतं. (आपण 'नवरा-बायको आली' म्हणतो, दोघांनाही नपुंसकलिंगात बसवतो. तंटाच नको.)

फ्रेंच रंगांचं तर विचारूच नका. हिरवा 'व्हेर' स्त्रीलिंगी नामामागे मुकाट्याने 'व्हेर्त' होतो. नारिंगी मात्र पडला फळाचं नाव, म्हणून तो एकवचन-अनेकवचन काही जुमानत नाही. मग गुलाबी? तेही फुलाचंच नाव. पण त्याला अनेकवचनाचा 'एस' लावावा लागतो. वशिला कमी पडला असावा.

२०१७ मध्ये ३१४ शिक्षकांनी पुल्लिंगाच्या वरचढपणाचा नियम यापुढे शिकवणार नाही, असं जाहीर केलं. त्याच सुमारास भाषेची राखण करणाऱ्या फ्रेंच अकादमीला स्त्री-पुरुष दोघांनाही सामावून घेणाऱ्या सर्वसमावेशक लेखनात भाषेला 'प्राणघातक धोका' दिसला. अकादमी स्थापन झाली १६३५ साली. तिच्यात पहिली बाई निवडून आली १९८० साली.