कृपया आपला अभ्यास वाढवावा

माझा अभ्यास कमी आहे. ही गोष्ट मला एका रविवारी दुपारी १ ते मध्यरात्री दीड एवढ्या वेळात ११ वेळा कळवण्यात आली. याआधी ती सातवीत गणिताच्या सरांनी कळवली होती, पण सरांकडे निदान पुरावा होता, १०० पैकी २९. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुरावा लागत नाही. ‘कृपया आपला अभ्यास वाढवावा’ एवढं लिहायचं आणि पुढे हात जोडल्याची दोन चित्रं टाकायची. म्हणजे कानफटात मारून वर नमस्कार.

निमित्त किल्लीचं. तारीख ७ सप्टेंबर २०२५. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, कानांत अजून ढोल घुमत होता आणि त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. ए-२०२ मधल्या ताईंनी ग्रुपवर विचारलं, “मुलांना ग्रहण दाखवायचंय. गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?” सात शब्द. उत्तर एका शब्दाचं, वॉचमनकडे. केबिनमध्ये खिळ्याला लटकलेली असते, सुतळीत ओवलेली, सोबत पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर निळ्या पेननं ‘गच्ची’. पण वॉचमनकाका ग्रुपवर नाहीत. ग्रुपवर फक्त सुशिक्षित मंडळी आहेत.

त्यामुळे पहिलं उत्तर आलं ते सी-५०३ कडून. दुपारी १२.५७ पासून वेध लागलेत, अशा वेळी लेकरांना गच्चीवर नेणं बरं नव्हे, पूर्वजांनी काही विचार करूनच ठेवलंय, अभ्यास वाढवा. त्यावर चौथ्या मिनिटाला बी-१०१. एकविसाव्या शतकात कसले वेध, सावली पडते हो, सावली, थोडं विज्ञान वाचा, अभ्यास वाढवा. सोबत १ तास ४७ मिनिटांचा व्हिडिओ. तो त्यांनी स्वतः पाहिला असण्याची शक्यता नाही, कारण जेमतेम बारा मिनिटांपूर्वी तो त्यांना त्यांच्या कॉलेजच्या ग्रुपवर आला होता. मला ठाऊक आहे. त्या ग्रुपवर मीही आहे.

चौदाव्या मेसेजला राजकारण आलं. कसं आलं ते शोधण्यात अर्थ नाही, उताराचं पाणी कसं येतं हे कोणी विचारतं का? कोणाच्या राजवटीत मुलं ग्रहण बघायला लागली आणि कोणाच्या राजवटीत बघायची बंद झाली, यावर चाळीसेक मेसेज झाले आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांना इतिहासाचा अभ्यास वाढवायला सांगितलं. मग डी-३०४ नं शेजारच्या इमारतीवरचा मोबाइल टॉवर काढला. ग्रहणात म्हणे त्याच्या लहरी दुप्पट होतात. ही माहिती त्यांनी मोबाइलवरूनच पाठवली.

आणि हल्ली नवीन प्रकार निघालाय, चॅटबॉटला विचारण्याचा. सी-५०३ नं विचारलं, बी-१०१ नंही विचारलं. दोघांनी उत्तरं जशीच्या तशी आणून ओतली, प्रत्येकी दीड हात लांब. दोन्हींची सुरुवात ‘तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे’ अशी आणि शेवट ‘यावर एखादा मुद्देसूद मेसेज तयार करून देऊ का?’ असा. तो शेवट पुसण्याएवढाही धीर कोणाला निघाला नाही. एकच यंत्र, दोन फ्लॅट, दोघंही योग्य. पूर्वी हे काम वकील करत आणि त्याचे पैसे घेत.

मला खरा राग आहे तो या ‘वाढवा’चा. अभ्यास ‘करा’ असं कोणी म्हणत नाही. करायचा म्हटलं तर बसावं लागतं, पुस्तक उघडावं लागतं, मुख्य म्हणजे गप्प बसावं लागतं. वाढवायचा म्हणजे वायरमनला बोलावून मीटरचा लोड वाढवून घ्यावा तसा, दुसऱ्यानं, दुसऱ्याच्या घरी. शिवाय मराठीत वाढवणं हा फार जपून वापरायचा शब्द आहे. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. आमच्या गावच्या पेठेत रात्री आठला फळ्या लावायला घेतल्या की शेटजी ‘दुकान बंद करतो’ असं कधी म्हणायचे नाहीत, ‘दुकान वाढवतो’ म्हणायचे. फुटणं, मोडणं, बंद होणं हे अशुभ तोंडातून निघू नये म्हणून वाढणं. या अर्थानं पाहिलं तर आमच्या ग्रुपवरच्या एकूण एक सभासदाचा अभ्यास वाढलेला आहे. शेवटच्या परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन बाहेर पडले त्या दिवशीच त्यांनी तो पायरीवर आपटून वाढवला, खोबरं वाटून टाकलं, पाणी पिऊन टाकलं. करवंटी तेवढी राहिली. तीच गेली तीस वर्षं समोरच्याच्या कपाळात हाणतायत.

रात्री नऊच्या सुमारास मी विचारलं, अगदी मनापासून, “किती वाढवू? पुस्तकाचं नाव सांगा. कुठल्या पानापासून तेही सांगा.” ग्रुपवर अर्धा तास चिडीचूप. एवढी शांतता एरवी फक्त ‘गणपतीच्या वर्गणीचा हिशोब टाका’ या मेसेजनंतर पसरते. मग सी-५०३ नं लिहिलं, “सगळंच पुस्तकात नसतं.” बी-१०१ नं लिहिलं, “इंटरनेटवर सगळं आहे.” आणि त्या दिवसातला एकमेव चमत्कार घडला. दोघांनी एकमेकांना अंगठा दिला.

पावणेअकराला मी वैतागून खाली उतरलो. ए-२०२ ची दोन्ही पोरं पार्किंगमध्ये, दोन विंगांच्या फटीतून मान वाकडी करून वर बघत उभी. शेजारी वॉचमनकाका. म्हटलं, किल्ली? ते म्हणाले, “ही काय. कुणी मागितलीच नाय.” आम्ही चौघं वर गेलो. ढग मध्येच यायचे, मध्येच हटायचे, पण ११ वाजता चंद्र पुरता झाकला गेला आणि तांब्याच्या जुन्या तपेल्याचं बूड दिसावं तसा दिसायला लागला. धाकट्यानं विचारलं, “लाल का?” मला उत्तर अर्धंच येत होतं, पृथ्वीच्या हवेतून वळून जो उजेड पोचतो तो लालसर असतो, एवढं. पुढचं येत नव्हतं, तसं सांगितलं. त्याला चाललं. १२.२२ पर्यंत, म्हणजे ८२ मिनिटं, चंद्र तसाच होता. मी कठड्यावरून खाली पाहिलं. बी विंग आणि सी विंग, दोन्हीकडच्या खिडक्यांत फोनचा निळसर उजेड. वेध पाळणारे बाहेर आले नव्हते ते समजू शकतो. पण सावलीची बाजू घेऊन सकाळपासून, माफ करा, दुपारपासून लढणारे बी-१०१? त्यांची बाल्कनी पूर्वेला आहे. रात्री चंद्र वर येताना तिथूनच दिसला असता, गच्चीही नको. ते आत बसून सावली सिद्ध करत होते.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मंगळवारी संध्याकाळी मी अभ्यास वाढवायला निघालो.

आमच्या फाटकापासून चारशे पावलांवर सार्वजनिक ग्रंथालय आहे. पोळीभाजी केंद्राच्या वर, बाजूनं लोखंडी जिना. १९६७ च्या कायद्यानुसार अशा ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात, आमचं ‘ब’. अनुदान येतं, पण ते कधी येईल याचं गणित कुठल्याच पंचांगात सापडत नाही. दर्शनी खोलीत वर्तमानपत्रांचं लांब टेबल, त्यावर तीन आजोबा, पैकी एक जागे. मागे अभ्यासिका. प्लायवूडच्या कप्प्यांत पस्तीसेक मुलंमुली, प्रत्येकाच्या पायाशी पाण्याची बाटली आणि आपापली एक्स्टेन्शन कॉर्ड. स्पर्धा परीक्षेची पोरं. सकाळी सातला येतात, रात्री अकराला जातात, दुपारी खालून पोळीभाजी. त्यांच्यातल्या एकाला जिन्यात विचारलं, काय म्हणतोय अभ्यास? “करतोय काका. होत नाय अजून.” अख्ख्या आठवड्यात ‘अभ्यास’ या शब्दाला ‘करणं’ हे क्रियापद जोडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

ग्रंथपाल बाईंना म्हटलं, ग्रहणाबद्दल काही. त्यांनी काचेचं कपाट उघडलं आणि फडक्यानं पुसून ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हातात ठेवलं. मूळ १८९६ साली निघालेला मराठी ग्रंथ, ही पुढची आवृत्ती. हातात घेतल्यावर मनगट दुखतं. मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का फेब्रुवारी १९९९. बाईंनी दोनदा विचारलं, “नक्की नेताय ना?”

हा ग्रंथ आणि त्याच्या शेजारची दोन पुस्तकं, चार संध्याकाळी लागल्या. मी काही पंडित झालो नाही. पण एवढं कळलं की चंद्रग्रहणात चंद्राला झाकते ती पृथ्वीची सावली, हे ४९९ सालच्या ‘आर्यभटीय’मध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे बी-१०१ ना ज्याचा शोध एका व्हिडिओतून लागला, तो त्यांना सी-५०३ च्या पूर्वजांकडून घरपोच मिळाला असता. आणि सी-५०३ चे वेध? १२.५७ हा आकडा आला कुठून? ग्रहणाचा स्पर्श रात्री ९.५७ ला. त्यातून तीन प्रहर, म्हणजे नऊ तास मागे. आता ९.५७ कोणी काढला? स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष हा सगळा सावलीचा हिशोब आहे. शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, कोकणातल्या नांदगावात ‘ग्रहलाघव’ नावाचा ग्रंथ रचला गेला. ‘ज्या’ म्हणजे साइन, त्यांची किचकट कोष्टकं बाजूला ठेवून ग्रहणाचं गणित कसं करायचं, ते त्यात आहे, आणि इथले पंचांगकर्ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावरून ग्रहणं काढत आले. सावली नसती तर सी-५०३ ना वेध किती वाजता लागले हेच कळलं नसतं. बी-१०१ ज्या पंचांगाला दुपारभर हसले, त्याच्या पोटात त्यांचं लाडकं गणित बसलेलं. ग्रहणात जेवावं की नाही हा वाद उरतो, तो खुशाल घाला, तो शेवटी ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण सावलीवरून २१४ मेसेज? दोघांपैकी एकानं जरी दहा पानं वाचली असती तरी भांडायला उरलं असतं काय? किल्ली तेवढी. तीही खिळ्यालाच होती.

आता जरा मनातलं बोलतो. गेल्या वर्षी त्या ग्रंथपाल बाई स्वतः आमच्या सोसायटीत सभासद मिळवायला आल्या होत्या. महिना ६० रुपये, अनामत ३००. हातात कापडी पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक आणि नमुन्यादाखल चार दिवाळी अंक. त्यांना फाटकातून आत सोडलं नाही. ‘विक्रेते व वर्गणीवाले यांना प्रवेश नाही’ असा वार्षिक सभेचा ठराव आहे. मांडला बी-१०१ नं, अनुमोदन सी-५०३ चं. साठ रुपये! यांचं महिन्याचं मोबाइल रिचार्ज त्याच्या पाचपट, आणि त्यावरून जगाला सांगायचं काय, तर अभ्यास वाढवा. त्याच सभेत फाटकावर दिव्यांची कमान मंजूर झाली, १ लाख १० हजारांची, रात्रभर हिरवी-जांभळी लुकलुकते, तिच्यापायी पार्किंगमधून चंद्रही धड दिसत नाही. ९६ फ्लॅट. ग्रंथालयाचे सभासद दोन. एक मी, दुसऱ्या डी विंगमधल्या आजी, ज्यांना मोतीबिंदूमुळे आता मोठ्या टायपातलंच चालतं आणि ज्या कुठल्याही ग्रुपवर नाहीत. बाकीच्या ९४ घरांना लाज वाटायला हवी होती. ती वाटत नाही, कारण तिचाही अभ्यास लागतो. त्या बाई भर उन्हात फाटकाबाहेर वीस मिनिटं उभ्या होत्या. त्यांना पाणी दिलं ते वॉचमनकाकांनी.

रविवारी मी ग्रुपवर लिहिलं. ग्रंथाचं नाव, साल, कपाट क्रमांक, सावलीचा आणि १२.५७ चा हिशोब, सगळं मिळून सहा ओळी. दोघांचंही खरं आहे, असंसुद्धा वर लिहिलं, म्हणजे कोणाला लागायला नको.

बी-१०१ चं उत्तर एका मिनिटात आलं. “पीडीएफ आहे का?”

सी-५०३ चं त्याच्या पाठोपाठ. “थोडक्यात सारांश टाका. एवढं वाचायला वेळ कोणाला आहे?”

डी-३०४ नं फक्त हात जोडल्याची दोन चित्रं टाकली. त्यांच्या आधीचं वाक्य मी मनात वाचून घेतलं.

पीडीएफ नाही. ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव संध्याकाळी ५ ते साडेसात असते, सोमवारी बंद. पुस्तक मी परत केलंय, कपाट क्रमांक ७, खालून दुसरा कप्पा. जिन्याच्या वळणावर छत बरंच खाली आलंय, तेवढं डोकं सांभाळून या.